लालजींचे मुखवस्त्र

कार्तिक शुद्ध १

दोरा-अस्तराच्या व्यापाऱ्याने दिवाळीची भेट म्हणून ही वही दिली. दर वर्षी अशी एक वही येते आणि सविता तिच्यात धोब्याचे कपडे मांडते. यंदा म्हटले, मीच लिहीन. घरात मनातले बोलायची सोय उरलेली नाही. कागद तरी उलट उत्तर देत नाही.

आज आम्हा गुजरात्यांचे नवे वर्ष. हवेलीत, म्हणजे आमच्या देवळात, अन्नकूट झाला. घरी लालजींपुढे अकरा पदार्थ मांडले. लालजी म्हणजे आमच्या घरचे ठाकोरजी. वीतभरही नाहीत, रांगते बाळ, हातात लोण्याचा गोळा. वडिलांनी माझ्या ओंजळीत दिले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्याला आता तीस वर्षे होतील. धंदाही लालजींच्याच कृपेचा. पेटलादच्या आणि आसपासच्या गावांतल्या ठाकोरजींचे वाघे म्हणजे पोशाख, टोप्या, गाद्या मी शिवतो. दिवसभर घरात असतो, म्हणून पहाटेच्या मंगलेपासून रात्रीच्या शयनापर्यंत आठही वेळची सेवा साधते.

आणि आठही वेळा कुंजल उंबऱ्याशी येऊन बसते. साडेतीन वर्षांची नात, मला दादा म्हणते. मी सोवळ्यात असेतो आत पाऊल टाकत नाही. भोग, म्हणजे नैवेद्य, उचलला की तळहात पुढे. पहाटे लोणी-साखर, मग मनुका, मग गोड दूध, आणि मधल्या वेळांना खडीसाखरेचा खडा. या पोरीचा हात बघितला की वाटते, लालजी आत जेवतात ते थोडे, खरे जेवतात ते उंबऱ्यावर.

आज दुपारी सूनबाईंनी ताट वाढता वाढता विचारले, "बापुजी, एक विचारू?" पोलीस लायसन विचारतो त्या आवाजात.

"विचार."

"दिवसातून किती वेळा देता हिला?"

"काय?"

"गोड."

"मी गोड देत नाही. प्रसाद देतो."

"हिच्या वरच्या दातांवर तपकिरी रेघ आलीय. परवापासून बघतेय."

सविता म्हणाली, "अगं हेतल, वर्षाच्या पहिल्या दिवशी दात काय बघत बसलीस? बैल विकत घेतेयस का?" सगळे हसले. हेतल हसली नाही. आमचा मिहिर ताटात बघत राहिला. तो दुधाचा टँकर चालवतो. रस्त्यावर कोणालाही हॉर्न मारेल, घरात तोंड उघडणार नाही.

कार्तिक शुद्ध ३

आज उघड लढाई. हेतल डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. कोणाच्या दुधात किती फॅट, कोणाचे दूध आंबले, हे सांगते. सकाळपासून लोकांचे दूध नापास करणारी बाई घरी येऊन दुसरे काय करणार?

मी लालजींचा सकाळचा शृंगार आटोपून कुंजलला मनुका देत होतो. ही ड्यूटीला निघालेली, दारातून परत आली.

"आमच्याकडे कॅन धुतल्याशिवाय दुसरं दूध ओतत नाहीत, बापुजी. तळाशी चार थेंब राहिले तरी संध्याकाळपर्यंत सगळं आंबतं. हिच्या तोंडाचा कॅन दिवसभर कोणी धुतच नाही. एक कण विरघळतोय तोवर दुसरा."

"लालजींच्या प्रसादाला नासलं दूध म्हणतेस?"

"मी तोंडाबद्दल बोलतेय. प्रसाद तुम्ही मधे आणता."

"आणि तू रविवारी आणतेस ती पाकिटं? आंब्याचं गोड पाणी? क्रीमची बिस्किटं? त्यांनी दात मोत्यासारखे होतात वाटतं!"

"ते मी दिवाळीच्या आधीच बंद केलं. तुम्ही बघितलं नाहीत."

बघितले नव्हते, हे खरे. पण तेवढ्याने ती जिंकली असे होत नाही.

कार्तिक शुद्ध ५

आज लाभपंचमी. कात्री, गज, मशीन यांना कुंकू लावून काम सुरू केले. थंडी येईल, म्हणून ठाकोरजींच्या रुई भरलेल्या बंड्यांची मागणी आहे. माझी उजवीकडची खालची दाढ ठणकते. लवंग धरून ठेवली की काम होते.

कुंजल हल्ली घास डावीकडेच चावते. रोटलीची कड काढून ठेवते. आईचा हट्टीपणा उतरला आहे.

कार्तिक शुद्ध ११

देव उठले. हवेलीत उसाचा मांडव. मी एक कांडे आणून कुंजलला सोलून दिले. तिने पुढच्या दातांत धरले आणि फेकून दिले.

"काय झालं माझ्या मैनेला?"

"ऊस मला चावला."

मी हसलो. मग ती रडायला लागली. थांबेचना. सविताने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मांडवात शंभर बायका, कोणाची दृष्ट लागली असेल सांगता येत नाही.

हेतल आल्यावर मोबाइलचा दिवा पोरीच्या तोंडात धरून बसली. नुसते मिहिरला म्हणाली, "चौदसला डॉक्टरकडे नेतेय. तुझी फेरी असेल ना? असतेच."

कार्तिक शुद्ध १४

मीही गेलो. कोणी बोलावले नव्हते. पण पोरीला माझे बोट हवे होते.

आणंदला डॉक्टर अमीन म्हणून बाई आहेत. पन्नाशीच्या, घोगऱ्या आवाजाच्या. पोरीशी गोड बोलल्या आणि आमच्याशी नाही. बराच वेळ बघून म्हणाल्या, "दिवसात काय काय खाते, उठल्यापासून सांगा."

हेतलने पाठ केल्यासारखे सांगितले. चहात बुडवलेले बिस्किट, मग एक, दोन, तीन, आठही वेळांचे. माझी तीस वर्षांची सेवा तिने रेशनच्या यादीसारखी वाचून दाखवली.

मी म्हटले, "तो प्रसाद आहे. कणभर असतो."

"भाई, मला प्रसादाशी भांडायचं नाही. साखर कुठून आली हे दाताला कळत नाही, एवढंच."

"मग दाताला श्रद्धा नाही म्हणायचं."

"नाही हो. तो दगडासारखा असतो आणि आंबट लागलं की झिजतो." मग माझ्याकडे खुर्ची फिरवून म्हणाल्या, "जेवणाबरोबर एकदम चार पेढे खाऊ द्या, मी काही बोलणार नाही. पण उठल्यापासून झोपेपर्यंत एकेक कण नको. प्रत्येक कणानंतर अर्धा-पाऊण तास तोंड आंबट राहतं. लाळ बिचारी धूत असते, तोवर तुम्ही पुढचा कण देता. धुणार कधी?"

"दुधाचेच दात ना? पडायचेच आहेत."

"दाढा पडायला हिला दहावं-अकरावं वर्ष लागेल. तोवर काय हिरड्यांनी खाणार? आणि कीड मुळात उतरली तर खाली कायमचा दात तयार होतोय, त्याला धक्का लागतो." दोन दाढा भरल्या. पुढचे चार, म्हणाल्या, आज थांबलात तर वाचतील. दीड महिन्याने परत बोलावले.

निघताना मला म्हणाल्या, "तुमचंही बघू का? लवंगेचा वास येतोय."

मी जय श्रीकृष्ण करून बाहेर आलो.

कार्तिक वद्य १

हेतलने सविताच्या देखत मला विचारले, "आता फक्त दुपारच्या जेवणाबरोबर. कबूल?"

मी म्हटले, "लालजी बघतील."

तिने ते हो समजले. मी नाही म्हटले नव्हते, होही म्हटले नव्हते. खोटे बोललो नाही.

कार्तिक वद्य ४

तीन दिवस पाळले. आज पहाटे भोग उचलून बाहेर आलो तर कुंजल बसलेली, तळहात पुढे. मी मान हलवली. ती उठली नाही. दुसरा हातही पुढे केला. तिला वाटले, एका हाताने मागितले म्हणून मिळत नाही.

दारी आलेल्याला माझ्या वडिलांनी कधी प्रसाद नाकारला नव्हता. एकदा गावात प्लेगासारखा ताप आला तेव्हाही नाही. मी खडीसाखरेचा एक छोटा खडा दिला.

कार्तिक वद्य ७

हवेलीचे पुजारी मुखियाजी, त्यांना विचारले. म्हटले, सून प्रसादाला आडवी येते, काय करावे? मुखियाजींनी मागच्याच महिन्यात नवी बत्तिशी बसवली आहे. हसले की आधी ती हसते, मग ते.

"गोरधनभाई, प्रसाद म्हणजे किती?"

"कणभर."

"कितीदा?"

मी प्रसादाचा द्रोण उपरण्यात बांधू लागलो.

"बाळाला त्रास होईल असं ठाकोरजींनी कधी मागितलंय का?" म्हणाले, आणि भांडी उचलायला गेले. त्यांनी माझी बाजू घेतली की तिची, हे घरी येईपर्यंत ठरेना. आल्यावर ठरवले की माझीच. खडीसाखरेने कुठे त्रास होतो? मुखियाजींचे दात सुपारीने गेले हे सारे गाव जाणते.

कार्तिक वद्य १०

युक्ती सापडली आहे. हेतल सकाळी निघण्याआधी आणि आल्यावर दिवा लावून तोंड बघते. मध्येच घरी आली तर पोर चघळताना सापडेल ही भीती. म्हणून मी कुंजलला सांगितले, "हा गाल म्हणजे लालजींचं भंडार. खडा आत लोटून ठेवायचा, दाढेच्या मागे. चावायचा नाही, चघळायचा नाही. आपोआप विरघळू द्यायचा. तोंड मिटलेलं. कोणाला सांगायचं नाही."

किती चटकन शिकली! तासभर खेळली, कोणाला कळले नाही. सविता समोर वाटाणे सोलत होती, तिलाही नाही. पूर्वी दोन मिनिटांत कुडुम करून संपवायची. आता एक कण तासभर पुरतो. म्हणजे खरे तर मी कमीच देतो आहे.

मार्गशीर्ष शुद्ध २

सगळे शांत आहे. घरात आवाज चढत नाही. हेतलला वाटते, बापुजी सुधारले. मला वाटते, तिने हट्ट सोडला. दोघेही आपापल्या जागी खूश.

मनाला एक गोष्ट टोचते ती लिहून ठेवतो. पोर पूर्वी प्रसाद मिळाला की टाळ्या वाजवायची. आता आधी दाराकडे बघते.

मार्गशीर्ष शुद्ध ८

हेतलने पगारातून माझ्यासाठी कात्री आणली. बारीक कामाची, टोकाला वाकडी. ठाकोरजींच्या गळ्याचे काप काढायला अशीच हवी होती. मी कधी बोलून दाखवले नव्हते.

"कुठून कळलं तुला?"

"तुम्ही जुन्या कात्रीने कापताना जीभ बाहेर काढता. बघते मी." मग म्हणाली, "आणि बापुजी, कुंजूचं ऐकलंत, त्याबद्दल."

मी कात्री कपाळाला लावून घेतली. दिवसभर त्या नव्या कात्रीने काही कापले नाही. जुन्याच कात्रीने काम केले.

आज संध्याकाळी कुंजलला द्यायचे नाही असे ठरवले होते. शयनाला दिले.

मार्गशीर्ष शुद्ध १३

कुंजल थंड पाणी पीत नाही. दूध कोमट लागते. थंडीच आहे. उजव्या गालावर हात ठेवून बसते. सविता म्हणाली, "अहो, दुसरे दात येत असतील." मलाही तसेच वाटते. या वयात येतात का, ते कोणाला विचारायचे? सुनेला विचारले तर पुन्हा दिवा निघेल. तसा दिवा रोजच निघतो. पण पुढच्या दातांवर. गालाच्या आत, मागे, तो पोचत नाही. कुंजल आ करते आणि लगेच मिटते.

मार्गशीर्ष वद्य ५

सकाळी उठली तेव्हा उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला. डोळा अर्धा मिटलेला. अंगात ताप. मी म्हटले, गार वारा लागला, गालगुंड असेल, हळद-चुन्याचा लेप लावू. हेतलने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पोरीला शालीत गुंडाळले. मिहिर नशिबाने घरी होता. मी मंगलेचे सोवळे न सोडता तसाच मोटारसायकलमागे रिक्षाने गेलो.

जे झाले ते जसे झाले तसे लिहितो. नंतर मन त्याला अस्तर लावील.

डॉक्टर अमीनांनी तोंड उघडायला सांगितले. पोर उघडेना. हेतलने मांडीवर धरली, मिहिरने डोके. डॉक्टरांनी चमच्यासारखे काहीतरी घालून गाल बाजूला केला, थांबल्या, मग चिमट्याने आतून एक खडा काढला आणि पांढऱ्या कापसावर ठेवला. अर्धा विरघळलेला. कडा गोल झालेल्या.

कोणी काही विचारले नव्हते.

कुंजल सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "दादांनी नाही दिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले, मग कापसाकडे. म्हणाल्या, "इथेच. बरोबर या जागी. किती दिवस?"

कोणाला विचारले ते नाव घेऊन सांगितले नव्हते. मीच बोललो. "महिन्याभरापासून. दिवसातून सहा-सात वेळा. पहाटेचा मी आज दिला. ती अंथरुणातच होती, अंधारात. ताप आहे हे कळलं नव्हतं."

मिहिर म्हणाला, "बापुजी." एवढेच. हेतलने कापसाची ती घडी उचलली, पुडीसारखी दुमडली आणि पर्समध्ये ठेवली.

मार्गशीर्ष वद्य ९

चार दिवस औषध दिल्यावर सूज उतरली, मग आज दात काढले. भरलेली एक दाढ, तिच्या शेजारची एक, आणि पुढचे वरचे दोन. एकूण चार. कायमचे दात यायला पुढच्यांना तीन-चार वर्षे, दाढांना सहा-सात.

घरी आल्यावर ती आरशापुढे उभी राहिली. बोट घालून बघितले. मग देवघराच्या उंबऱ्याशी आली आणि बसली नाही, उभीच राहिली. विचारले, "दादा, लालजींना दात आहेत?"

तीस वर्षांत मी कधी बघितले नव्हते. ओठ मिटलेले आहेत.

मार्गशीर्ष वद्य १०

आज हेतल बोलली. सामान भरून झाल्यावर.

डेअरीजवळ विद्यानगरला दोन खोल्या घेतल्या आहेत. मिहिरने सांगितले, तेही चपला घालता घालता. मला वाटले, मी काही बोललो तर ती ओरडेल, मग मीही ओरडेन, मग सविता रडेल आणि सगळे जुन्या जागी येईल. म्हणून मी सुरुवात केली.

"घर फोडायला एक खडीसाखरेचा खडा पुरला तुला."

ती ओरडली नाही. दुपारच्या नैवेद्याची, राजभोगाची वेळ होती. मी नुकताच भोग उचलून, लालजींना आचमन देऊन, मुखवस्त्राने तोंड टिपून बाहेर आलो होतो. वस्त्र अजून हातात होते. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "हे काय आहे?"

"मुखवस्त्र. माहीत नाही तुला?"

"कशाला?"

"भोग झाला की ठाकोरजींना चूळ भरायला पाणी द्यायचं आणि तोंड पुसायचं. नेहमीचंच आहे."

"किती वेळा?"

"प्रत्येक भोगानंतर."

"आठ वेळा," ती म्हणाली. "धातूच्या मूर्तीचं तोंड तुम्ही दिवसातून आठ वेळा धुता, बापुजी. आठ वेळा पुसता. आणि तोच खडा घेऊन बाहेर येता, माझ्या पोरीच्या गालात घालता आणि म्हणता तोंड मीट." मग म्हणाली, "मी साखरेवर नाही रागावले. तुम्ही तिला माझ्यापासून लपायला शिकवलंत."

कुंजल मिहिरच्या खांद्यावर होती. तिने जाताना मला हात केला नाही. तोंड मात्र घट्ट मिटून घेतले, सवयीने.

पौष शुद्ध २

मी रागात आहे, हे खरे. लालजींना मूर्ती म्हटले तिने, तेही धातूची. ठाकोरजींसमोर. हे मी विसरणार नाही.

पौष शुद्ध ६

सविता दोन दिवस बोलत नव्हती. आज बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून.

"मला माहीत होतं."

"काय?"

"गालातलं. वाटाणे सोलताना बघितलं होतं मी. म्हटलं, कशाला उगाच. एकदा सून जिंकली की सासूला काय उरतं." तिने भाकरी उलटली. "तुम्ही देवाच्या नावावर केलंत. मी तर नुसत्या खोडीवर."

मी म्हटले, "माझं देवाच्या नावावर होतं की नाही, तेच कळेना झालंय."

"कळेना कसलं? पोरीनं हात पुढे केला की तुम्हाला बरं वाटायचं. एवढंच होतं ते." मग ताट पुढे सरकवत, "भाकरी मऊ केलीय. दाढ दुखतेय ना?"

पौष वद्य १

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन गेली. तिळाची चिक्की सविताने केली नाही. शेजारच्या गच्चीवर पतंगवाली पोरे होती. आमच्या गच्चीवर कबुतरे.

आठही वेळा सेवा चालू आहे. भोग धरतो, पडदा ओढतो, उचलतो. आचमन देतो. मुखवस्त्र उचलले की हात थांबतो. उंबऱ्याकडे बघू नये असे ठरवतो आणि बघतो. प्रसाद वाटीत साचतो. मुंग्या येतात.

या वस्त्रांचे मी हजारो तुकडे शिवले असतील. बोटभर मलमल, चारी कडा दुमडून बारीक टीप. गिऱ्हाईक म्हणते, गोरधनभाई, तुमच्या हातचे वस्त्र ठाकोरजींच्या ओठांना टोचत नाही. मी मान डोलावतो.

पौष वद्य ५

आणंदला गेलो, एकटा. डॉक्टर अमीनांकडे नंबर लावला. आत गेल्यावर म्हटले, "मला विचारायचं आहे."

"आधी बसा. उघडा."

उघडले. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा गेल्या आहेत. तिसरी वाचेल. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हीही प्रसादच घेत होतात ना? आठही वेळा?"

"आधी मी, मग ती."

"मग?"

मी म्हटले, "मग काही नाही. काढा." काढल्या. कापूस चावत मी विचारायचे ते विचारले. नात आली तर काहीच द्यायचे नाही का?

त्या म्हणाल्या, "कोणी म्हटलं? जेवताना द्या, जेवणातच. मग पाणी, खळखळून. रात्री झोपताना ब्रश, मग काहीही नाही. आणि लपवून काही नाही. लपवलेलं सगळ्यात जास्त वेळ तोंडात राहतं."

पौष वद्य १२

आज त्या वाकड्या कात्रीने पहिल्यांदा कापड कापले. मऊ मलमल, वीतभर रुंद. ठाकोरजींच्या मापाचे नाही. मशीनवर घेतले नाही, हाताने टीप घातली. दोन केली. एकाच्या कोपऱ्यात मोर, पोरीला आवडतो. दुसरे साधे.

मिहिर फेरीवरून जाताना थांबला. मी म्हटले, वसंतपंचमीला आणशील का? म्हणाला, "तिला विचारतो." माझ्या मुलाला आता विचारायचे सुचू लागले आहे.

माघ शुद्ध ५

आल्या. दुपारी, राजभोगाच्या वेळेला. हेतल पायऱ्या चढली, सविताच्या पाया पडली, माझ्याही पडली. वाकली तेवढी, हात पायाला लागला नाही. कुंजल तिच्या ओढणीमागे.

आज लालजींना पांढरे वस्त्र, त्यावर गुलाल. केशरी भात केला होता, शेजारी नेहमीची खडीसाखर. मी भोग धरला आणि पडदा ओढला. पडदा उघडला तेव्हा कुंजल उंबऱ्यावर होती. हात पुढे केलेला नव्हता. दोन्ही हात पाठीमागे.

मी ताट घेऊन बाहेर आलो. सगळे एकत्र जेवायला बसलो. डाळ, भाजी, रोटली, आणि प्रसादाचा केशरी भात ताटातच, एकदाच. कुंजल पुढच्या दातांशिवाय खाते, डावीकडून. हेतल तिचे घास मोजत होती आणि मी हेतलच्या नजरेला नजर देत नव्हतो.

जेवण झाल्यावर मी तांब्या घेतला आणि म्हटले, "चल कुंजू, आचमन."

तिने आईकडे बघितले. अंगणात मोरीपाशी मी पाणी ओतले, तिने चूळ भरली, दातांच्या फटीतून पिचकारी मारली, माझ्या धोतरावर. पुन्हा भरली. तीनदा. मग मी तांब्या खाली ठेवला आणि मोराचे वस्त्र काढून उजव्या हाताने तिचे तोंड पुसले. आधी ओठ, मग दोन्ही कडा, लालजींचे पुसतो तसे.

हेतल आली. तिने पोरीच्या गालात बोट फिरवले, उजवीकडे, मग डावीकडे. काही नव्हते.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बापुजी, हात."

मी वस्त्र खांद्यावर टाकून उजवा हात उघडला. रिकामा. तिने बघितला, मान हलवली आणि जायला वळली.

डावी मूठ मिटलेलीच होती. भोग उचलताना बोटांनी आपोआप एक खडा घेतला होता. तीस वर्षांची बोटे आहेत. जेवताना तो कंबरेला खोचला होता, अंगणात येताना पुन्हा हातात आला. केव्हा, ते मलाही सांगता येत नाही. द्यायचा नव्हता. पण टाकलाही नव्हता.

"हेतल," मी म्हटले, आणि मूठ उघडली.

ती थांबली. खडा घामाने चिकट झाला होता. मला वाटले आता पोरीला उचलून ती चालू लागेल, आणि तसे करायला ती मोकळी होती. तिने खूप वेळ बघितले. कधी खड्याकडे, कधी माझ्या तोंडाकडे, जिथे दोन दाढा नाहीत.

मग तिने तो खडा माझ्या तळहातावरून उचलला, कपाळाला लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. कडाकडा चावून संपवला. माझ्याकडे बघत, एकदाही डोळे न हलवता. मग तांब्या उचलून खळखळून चूळ भरली.

मी दुसरे, साधे वस्त्र पुढे केले.

तिने ओढणीलाच तोंड पुसले.